वावडे : एका पेशीची कथा



मराठीच्या अध्यापकाने शरीरशास्त्रावर बोलावे, हा अधिकाराचा अतिक्रमच होय. पण जुन्या ग्रंथाचे पान उलटताच ज्याला लागोपाठ दहा शिंका येतात, त्या वाचकाने शिंकेचे मूळ शोधू नये तर काय करावे?

‘अ‍ॅलर्जी’साठी आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : वावडे. एकाला रुचते ते दुसऱ्याला सोसत नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. ते का सोसत नाही, याचे उत्तर त्वचेत आणि नाकाच्या व श्वासनलिकांच्या अस्तरात वसणाऱ्या एका पेशीपाशी सापडते. पॉल एर्लिख या जर्मन संशोधकाने १८७८ साली आपल्या प्रबंधात तिला ‘मास्ट पेशी’ म्हटले. जर्मन भाषेत ‘मास्ट’ म्हणजे खाऊ घालून पुष्ट करणे. दाण्यांनी गच्च भरलेली ही पेशी त्यांना अतिपोषणाने पुष्ट झालेली वाटली. तर्क चुकला, पण नाव टिकले; शब्दांच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. त्या दाण्यांत हिस्टामीन नावाचे द्रव्य साठवलेले असते, हे रायली आणि वेस्ट यांनी १९५३ च्या सुमारास दाखवून दिले.

या पेशीच्या पृष्ठभागावर ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्ये बसलेली असतात. इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली त्यांचा शोध लावला. धुळीतील सूक्ष्म कीटकांचा किंवा परागांचा अंश शेजारच्या प्रतिद्रव्यांना एकत्र सांधतो, तेव्हा पेशीला इशारा मिळतो. आत कॅल्शियम वाढते. दाण्यांच्या पिशव्या फुगतात, एकमेकींत मिसळतात आणि पेशीच्या आवरणाला भिडून बाहेर उघडतात. भरलेल्या पेशीत पोकळ्या आणि वाटा पडतात, पृष्ठभागावर घड्या उमटतात. काही मिनिटांतच तिचे रूप पालटून जाते. सुटलेले हिस्टामीन बारीक रक्तवाहिन्या सैल करते, त्यांतून द्रव झिरपतो, मज्जातंतू चाळवले जातात. म्हणून सूज, खाज, नाकाला धार आणि शिंका. एवढे होऊनही पेशी मरत नाही. ती हळूहळू पुन्हा दाणे भरून घेते. तिच्यावर रागावण्याचेही कारण नाही. जंतांसारख्या शत्रूंपासून शरीराचे रक्षण करण्यात तिचा वाटा असतो; वावडे असते तेव्हा हा पहारेकरी पाहुण्यालाच चोर समजतो.

दम्यात ही पेशी हिस्टामीनखेरीज श्वासनलिका आवळणारी इतरही द्रव्ये सोडते. म्हणून शिंकांवरची गोळी दम्याला पुरत नाही. हे मला फार उशिरा कळले. माझ्या आईला दमा होता. मृग लागला की वडील तिला बत्तिनी कुटुंबाच्या मत्स्यप्रसादासाठी नेत. मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात पिवळे औषध घालून ते जिवंत गिळायचे, हे हैदराबादकरांना सांगायला नको. त्याचा गुण शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेला नाही. तरी त्या रांगेला मी हसणार नाही, कारण तिच्यात मी आईचा हात धरून उभा राहिलो आहे. माझी खंत निराळी आहे. पुढे डॉक्टरांनी तिला श्वासावाटे रोज घ्यायचे स्टेरॉइडचे औषध दिले. ‘त्याची सवय लागते’ या ऐकीव भीतीपोटी आम्ही सुशिक्षित मुलांनीच तिला ते नियमाने घेऊ दिले नाही. ते औषध अल्प मात्रेत थेट श्वासनलिकांत जाऊन सूज शमवते. त्याचे व्यसन लागत नाही. हे आम्हाला समजेपर्यंत तिच्या कितीतरी रात्री उशाला टेकून बसण्यात गेल्या होत्या.

शतक पाहिलेल्या ग्रंथालयात धूळ असणारच. कपाटांना वारा द्यावा, दमट जागा टाळावी, पुस्तके झटकण्याऐवजी पुसावीत, आणि ज्यांना त्रास होतो त्यांनी नाकाला रुमाल बांधावा. घरात कोणाला धाप लागत असेल, तर शेजाऱ्यांच्या सल्ल्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. धुळीचे वावडे असले, तरी ग्रंथांचे वावडे मात्र आपल्यापैकी कोणालाही न होवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.