मतपेटीविना नगरी : जॉर्ज टाउनचा धडा



नगरपालिका ही लोकशाहीची प्राथमिक शाळा होय, असे म्हटले जाते. ही शाळाच बंद पडली तर काय होते, याचे उत्तर मलेशियातील पेनांग बेटावरील जॉर्ज टाउन या नगरीच्या इतिहासात सापडते.

१७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने वसविलेले हे बंदर १८६७ पर्यंत भारतातील ब्रिटिश राजवटीच्याच अखत्यारीत होते. १८५७ मध्ये तेथे नगरपालिकेची निवडणूक झाली. १९१३ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली आणि १९५१ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९५६ मध्ये मलायातील पहिले संपूर्ण लोकनियुक्त नगरमंडळ येथेच अस्तित्वात आले. १ जानेवारी १९५७ रोजी जॉर्ज टाउनला महानगराचा दर्जा लाभला आणि मजूर पक्षाचे डी. एस. रामनाथन पहिले महापौर झाले. पाणी, वीज व बससेवा ही सारी महापालिकेच्याच हाती होती.

येथेच पक्षीय राजकारणाची कसोटी लागली. नगरात डाव्या पक्षाची सत्ता, तर राज्यात व केंद्रात अलायन्स आघाडीची. दोन सत्तास्थानांत मतभेद वाढणे अपरिहार्यच होते. १९६५ मध्ये इंडोनेशियाबरोबरच्या संघर्षाचे कारण देऊन केंद्र शासनाने देशभरातील स्थानिक निवडणुका स्थगित केल्या. जॉर्ज टाउनच्या महापालिकेवर गैरकारभाराचे आरोप झाले आणि १९६६ मध्ये तिचा कारभार राज्य शासनाने आपल्याकडे घेतला.

इंडोनेशियाशी संघर्ष मिटला. निवडणुका मात्र परतल्या नाहीत. सिनेटर आथी नहप्पन यांच्या अध्यक्षतेखालील राजआयोगाने त्या पुन्हा घ्याव्यात, अशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १९७६ च्या स्थानिक शासन कायद्याने निवडणुकांच्या तरतुदी निष्प्रभ केल्या. आता सदस्यांची नेमणूक राज्य शासन करते. त्यांची संख्या ८ ते २४ असते आणि मुदत ३ वर्षांहून अधिक नसते.

नियुक्तीच्या समर्थकांचे म्हणणे असे, की खर्च वाचतो, जातीय तणावाला वाव राहत नाही आणि राज्य व नगर यांच्या कारभारात मेळ राहतो. हे मुद्दे सहज झटकून टाकण्याजोगे नाहीत. परंतु सदस्यपदे सत्ताधारी घटकपक्षांत वाटली जातात, तेव्हा सदस्याची नजर गल्लीतील तुंबलेल्या गटाराकडे की नेमणूक करणाऱ्या पक्षाकडे, हा प्रश्न उरतोच.

२००८ मध्ये पेनांगमध्ये सत्तांतर झाले. नव्या शासनाने स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींनाही पालिकेत स्थान दिले आणि २०१२ मध्ये निवडणुकांसाठी राज्याचा कायदा संमत केला. तथापि २०१४ मध्ये मलेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची याचिका फेटाळली. २०१५ मध्ये पेनांग बेटाच्या पालिकेला महानगराचा दर्जा मिळाला, महापौरही लाभले. मात्र नागरिकांच्या मताने नव्हे.

जॉर्ज टाउनचे रस्ते झाडले जातात, नळाला पाणी येते. नगरी नियुक्त सदस्यांच्या हातीही चालते, हे खरे. पण काम चुकल्यास पुढच्या खेपेला त्या सदस्याला घरी बसविण्याचा अधिकार तेथील नागरिकाकडे नाही. तात्पुरती म्हणून आलेली स्थगिती कायमची होण्यास अवघी अकरा वर्षे पुरली. म्हणूनच स्थगितीच्या प्रत्येक आदेशात तिच्या समाप्तीची तारीख असावी, ही मागणी नागरिकांनी पहिल्याच दिवशी करावयास हवी.