वहीत रकाना नसलेली माणसे



मला विषय दिला आहे तो असा : पुरुषांत आणि स्त्रियांत पारलिंगी माणसे किती? जन्मताच सुईणीने मुलगा किंवा मुलगी म्हणून जे सांगितले, त्याहून ज्याची स्वतःची ओळख निराळी, तो पारलिंगी. मुलगा म्हणून वाढवलेली बाई असते, तसा मुलगी म्हणून वाढवलेला पुरुषही असतो. आणि या दोन्ही नावांत न मावणारी माणसेही असतात. मी डॉक्टर नव्हे, प्राध्यापकही नव्हे. माझे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, हजेरीपट वाचता वाचता. तेव्हा हा प्रश्न मी हजेरीपटाच्या बाजूनेच पाहणार.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादमाच्या वहीत माणूस लिहीत नाहीत, कोयता लिहितात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर. आता ती वही चाळून कोणी म्हणाला, की ऊस तोडणाऱ्यांत बायका फार नाहीत, तर आपण त्याला फडात नेऊन उभा करू. वहीत रकाना नसला म्हणून माणूस नाहीसा होत नाही. एवढे ध्यानात ठेवा आणि मग आकडे ऐका.

2011 सालच्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला ‘इतर’ असा तिसरा रकाना आला. त्यात देशभर 4,87,803 माणसे नोंदली गेली, महाराष्ट्रात 40,891. म्हणजे देशात सुमारे अडीच हजारांत एक. पण गणक दारी येतो तेव्हा उत्तरे बहुधा घरातला कर्ता देतो. जे पोटचे पोर बापाला सांगू शकले नाही, ते बाप गणकाला काय सांगणार? शिवाय या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची 54,854 मुले आहेत. त्या वयाचे मूल आपली ओळख स्वतः होऊन कसे नोंदवील? कोणी स्वतः सांगितले, कोणाची शरीररचनाच निराळी होती, कोठे लिहिणारा चुकला, हे त्या एका रकान्यातून निवडता येत नाही. आता दुसरी वही उघडा. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्याचे मतदार होते 9 कोटी 70 लाख; त्यांत तृतीयपंथी म्हणून नोंद होती 6,101 जणांची. राज्य तेच, माणसे तीच. वही बदलली की संख्या बदलते!

परदेशातही हेच झाले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या 1994 सालच्या प्रमाणग्रंथात, तीस हजार पुरुषांत एक आणि एक लाख स्त्रियांत एक, असा अंदाज होता. तो शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांवरून बांधलेला होता. हे म्हणजे गिरणीत जखमी किती झाले ते भरपाईच्या अर्जांवरून मोजण्यासारखे. ज्याने नोकरी जाईल या भीतीने बोट बांधून पुन्हा साचा धरला, तो त्यात नाहीच. पुढे 2021 साली कॅनडाने जनगणनेत दोन प्रश्न वेगळे विचारले : जन्माच्या वेळची नोंद काय, आणि आज आपण स्वतःस काय समजता? पंधरा वर्षांवरील सुमारे तीन कोटींत 1,00,815 जणांची उत्तरे जुळली नाहीत; म्हणजे तीनशेंत एक. त्यांत पारलिंगी स्त्रिया 31,555, पारलिंगी पुरुष 27,905, आणि दोन्हींत न बसणारे 41,355. पुरुष म्हणून जगू पाहणारे फार थोडे, हा जुना समजही तेथे टिकला नाही.

आता कोणी विचारील, आमच्याकडे माणसे पुढे का येत नाहीत? त्याचे एक उत्तर आपल्याच जुन्या संस्थानाच्या दप्तरात आहे. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात 1329 फसली, म्हणजे 1919 साली, एक कायदा झाला. हैदराबाद शहरात आणि सरकार ठरवील त्या ठिकाणी, संशय असलेल्या हिजड्यांची यादी ठेवावयाची; यादीतला माणूस बायकी पोशाखात रस्त्यावर दिसला, गाताना-नाचताना आढळला, तर वॉरंटावाचून अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला तो 2023 साली! ज्यांच्या पाच पिढ्यांनी यादी म्हणजे तुरुंग एवढेच पाहिले, ते यादीत नाव घालावयास धावत येतील काय?

वारे फिरते आहे, हेही खरे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली, आपली लिंगओळख सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असा निवाडा दिला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने 2017 साली ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच म्हणून निवडून दिले. 2022 च्या पोलीस भरतीत अर्जावर पुरुष आणि स्त्री एवढेच रकाने होते. मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर शासनाने तिसरा रकाना काढला. रकाना निघाला, तसे अर्जदारही पुढे आले. ते आकाशातून पडले नाहीत, ते होतेच.

म्हणून ‘किती?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे : जितके आपण निर्भयपणे बोलू देऊ, तितके दिसतील. हक्क मात्र संख्येवर ठरत नाही. हजार हमालांत एकाची मजुरी बुडाली तरी ती बुडालेलीच असते. पण वसतिगृह, दवाखाना, शिधापत्रिका, काम यांची मागणी करावयाची तर मोजणी हवी, आणि खरी हवी. पुढची जनगणना 2027 ची म्हणून सरकारने जाहीर केली आहे. गणक दारी येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला आपले उत्तर आपल्या तोंडाने देऊ द्या. आणि त्या उत्तरानंतरही त्याचे ताट, त्याची खोली आणि त्याचे काम जागच्या जागी राहील, एवढी हमी त्या घराने आणि या गावाने द्यावी. ती हमी सरकारच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेली नसते. ती आपणांलाच द्यावयाची आहे.