सुई कुणाची, बोट कुणाचं?


माघ पौर्णिमेला या कचारगडच्या गुहेकडं लाखांनी माणूस लोटतो. जिल्ह्यात सिकलसेल फार. तपासणीला बोटावर सुई टोचतात. माझा सवाल साधा आहे: ती सुई मग जाते कुठं?

जाते झाडूवाल्याच्या हातात. तो कंत्राटी, आणि बहुतेक आपल्याच वस्तीतला.

मी गोदीत हमाली करतो. आमचा आकडा लागला तर रक्त वाहतं, बोंब मारता येते. सुईचं तसं नाही. टिपूसभर रक्त, पण त्या भोकातून कावीळ ब, क, एचआयव्ही आत शिरू शकतो. बोट चोखू नका, पिळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, तडक डॉक्टर गाठा. एचआयव्ही रोखायचं औषध २ तासांत सुरू झालेलं बरं, ७२ तासांच्या आत तरी झालंच पाहिजे. २८ दिवस घ्यायचं. जंगलातून गोंदियाला पोचेपर्यंत घड्याळ थांबत नसतं. आणि नोंद करायला लावा, नाहीतर साहेब म्हणेल, रोग घरून आणलास.

२०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात: सुया आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाका, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस द्या. कंत्राटी माणूस त्यातून वगळलेला नाही.

एका दवाखान्यात झाडणाऱ्या मावशीला विचारलं, लस घेतली का?
म्हणाली, "ती डॉक्टर लोकांची असती ना, बाबा?"