घर ओढणारें वाहन

दसरा पार पडला कीं बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यांतून एक मोठा प्रवास सुरू होतो. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील कित्येक गांवें दिवाळीच्या आगेंमागें ओस पडल्यासारखीं दिसतात. घराला कुलूप, ओट्यावर म्हातारीं माणसें, आणि वेशीबाहेर ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली. त्या ट्रॉलींत बाजरीचीं पोतीं असतात, पत्र्याची पेटी, तवा, परात, पाण्याचे हंडे, कोपीवर घालावयाची ताडपत्री, एखादी शेळी, आणि या सर्वांच्या वर पोरेंबाळें बसलेलीं असतात. पुढचे पांच-सहा महिने हाच संसार कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, सोलापूर किंवा सीमेपलीकडील बेळगांव भागांत उंसाच्या फडाशेजारीं मांडला जातो.

यूरोप-अमेरिकेंत मोटारीमागें चाकांवरचें लहानसें घर जोडून सुटी घालविण्याची चाल आहे. कोणती मोटार घेतली म्हणजे घर ओढूनही तेल कमी जळेल, याची तिकडे घरोघर चर्चा होते. बीडकडील मनुष्य हाच प्रश्न पोटासाठीं सोडवीत असतो. उत्तर चुकलें तर तिकडच्या माणसाचे चार पैसे अधिक जातात. इकडे हंगामभराची कमाई जाते आणि एखादे वेळीं जमिनीचा तुकडाही जातो.

प्रथम शास्त्राची बाजू पाहूं. गाडी ओढतांना इंजिनाला वारा, रस्ता आणि चढ या तिघांशीं झगडावें लागतें. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. तासाला ८० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीला वारा जितका अडवितो, त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच तो त्याच गाडीला २० किलोमीटर वेगाला अडवितो. म्हणून परदेशांतील कुटुंबवत्सल गृहस्थ मागच्या घराची उंची-रुंदी आधीं पाहतो. उंसाच्या ट्रॅक्टरवाल्याला वाऱ्याची चिंता वाहण्याचें कारण नाहीं. त्याचें डिझेल वजन, रस्ता आणि चढ हे तिघे मिळून खातात. डांबरी सडकेवर हवेच्या टायरची गाडी हलती ठेवण्यास एकंदर वजनाच्या शेंकडा दोनइतकी ओढ पुरते. कच्च्या गाडीवाटेवर तीच ओढ शेंकडा पांचापर्यंत चढते, आणि नुकतें पाणी दिलेल्या काळ्या रानांत दहा-पंधराच्या घरांत जाते. म्हणजे फडांतून सडकेपर्यंतचा एक किलोमीटर सडकेवरील पांच-सहा किलोमीटरांइतकें तेल मागतो. विक्रेता ट्रॅक्टरची अश्वशक्ति सांगतो. ही गोष्ट तो सांगत नाहीं.

आतां ओझ्याचा विचार. ऊंसतोडीच्या व्यवहारांत मोजण्याचें माप ‘कोयता’ हें आहे. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकानें तोडावें, दुसऱ्यानें मोळी बांधावी, दोघांनीं ती डोक्यावरून गाडींत चढवावी. एक कोयता दिवसाकांठीं दीड ते दोन टन ऊंस पाडतो. सन २०२४ च्या आरंभीं तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि दर टनामागें सुमारें ३६६ रुपयांवर आला. त्यावरून दोघांच्या दिवसाची कमाई कोणासही काढतां येईल. परंतु हंगामापूर्वींच या जोडीनें मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, क्वचित् त्याहूनही अधिक असते, आणि पहिले कित्येक महिने तीच फिटत राहते.

वाहन किती मोठें असावें याचें उत्तर या कोयत्यांत आहे. एका कोयत्याचा दिवसाचा ऊंस म्हणजे एक बैलगाडी. दोन-तीन कोयत्यांचा ऊंस म्हणजे मिनी ट्रॅक्टर व त्यामागची लहान गाडी, जिला पुष्कळ ठिकाणीं ‘जुगाड’ म्हणतात. आठ-दहा कोयत्यांचा ऊंस म्हणजे पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि मागें दोन ट्रॉल्या. शाळेंतील मुलें काळ, काम आणि वेग यांचीं उदाहरणें याच रीतीनें सोडवितात. मात्र मजूर मध्येंच काम टाकून निघून गेला तर काय, हें त्या पुस्तकांत विचारलेलें नसतें.

बैलजोडीला अडाणी लोकांचें साधन म्हणून हंसूं नये. चांगल्या जोडीचें वजन आठ-नऊशे किलो असतें, आणि जनावर आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ओढ दिवसभर लावूं शकतें. हें नव्वद किलोंचें बळ कच्च्या वाटेवर गाडीसह पावणेदोन-दोन टनांना पुरतें, डांबरीवर चारांहून अधिक टनांना. टायरगाडी बहुधा कारखान्याची किंवा मुकादमाची, बैल मजुराचे. इंधन कोठून येतें? ज्या फडांत कोयता चालतो त्याच फडांतील वाढे, म्हणजे उंसाचे हिरवे शेंडे, हाच त्यांचा चारा. उरलेले वाढे विकून मीठमिरचीचा खर्चही भागतो. असें फुकटचें इंधन जगांतील कोणत्याही इंजिनाला मिळत नाहीं. शिवाय बैल स्वतःचे म्हणून वाहतुकीचे पैसेही त्याच घरांत येतात.

पण बैल हंगाम संपल्यावरही खातो. ट्रॅक्टर उन्हाळ्यांत झाडाखालीं उभा केला तर तेल मागत नाहीं. बालाघाटच्या माळावर वैशाखांत दोन बैल जगविणें ही निराळीच कथा आहे. सन २०१९ च्या उन्हाळ्यांत बीड जिल्ह्यांत शेंकडों चारा छावण्या उघडाव्या लागल्या, त्या उगीच नव्हेत. दुसरें असें कीं, कारखाना दहा किलोमीटरांपलीकडे असला तर बैलाची एक खेपच दिवस खाते. आणि जास्तीचा ऊंस लादण्याचा मोह अनावर असतो; त्याचें वजन जनावराच्या खांद्यावर उमटतें. सांगली जिल्ह्यांतील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनीं २०२२ सालीं गाडीच्या पुढील बाजूस खालून आधाराचें एक चाक बसवून मानेवरचा भार हलका करण्याची युक्ति दाखविली. ती पाहून, हें चाक इतकीं वर्षें कोणास कसें सुचलें नाहीं, असें वाटतें.

आतां दोन ट्रॅक्टरांची तुलना. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अडीच टनांचा, दोन ट्रॉल्या मिळून चार टन, ऊंस सोळा टन. एकंदर साडेबावीस टन. डिझेलमधील उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोंचतो असें धरल्यास डांबरी सपाटीवर हें धूड लिटरमागें दोन किलोमीटर जाईल. कारखाना वीस किलोमीटरांवर असला तर भरून जाणें व रिकामें येणें मिळून तेरा लिटर, म्हणजे टनामागें आठ दशांश लिटर. मिनी ट्रॅक्टर एक टनाचा, त्याची गाडी पाऊण-एक टनाची, ऊंस चार टन. त्याच रीतीनें हिशोब केला तर खेपेला सव्वातीन लिटर, आणि टनामागें पुन्हां आठ दशांशच! लहान यंत्र तेल कमी पितें हा समज आणि मोठ्या यंत्राला टनामागें तेल कमी लागतें हा समज, दोन्ही येथें सारखेच पांगळे ठरतात.

फरक पडतो तो भार अपुरा राहिला म्हणजे. जानेवारींत टोळींतील पांच कोयते आजारपणानें, लग्नकार्यानें किंवा दुसऱ्या मुकादमाच्या बोलावण्यानें निघून गेले असें समजा. सोळा टनांच्या जागीं आठच टन ऊंस भरतो. दोन्ही ट्रॉल्या ओढल्या तर टनामागें तेल एक लिटरच्या बरेंच वर, जवळजवळ दीडपटीला जाऊन टेंकतें. एक ट्रॉली सोडून ठेवली तर त्यांतील बराच भाग वांचतो. तरी पुष्कळ चालक दोन ट्रॉल्यांचा डौल सोडीत नाहींत. भार पुरा होईपर्यंत थांबावें म्हटलें तर तोडलेला ऊंस रोज सुकतो, वजन घटतें, आणि मजुरी वजनावर असते. मिनी ट्रॅक्टरवाल्याचा एक कोयता गेला तर तो स्वतः बायकोसह फडांत उतरतो आणि खेप भरतो. त्याचा ट्रॅक्टर फडांतील ओल्या मातींत रुततोही कमी. मात्र कारखाना तीस-चाळीस किलोमीटर दूर असेल तर चार टनांसाठीं एक चालक दिवसभर अडकवून ठेवणें परवडत नाहीं. तेथें मोठा ट्रॅक्टर, आणि त्याहून दूर असेल तर ट्रक, हाच मार्ग उरतो.

मोठ्या ट्रॅक्टरच्या पोटांत आणखी एक इंधन जळत असतें, तें म्हणजे कर्ज. ट्रॅक्टर व दोन ट्रॉल्या मिळून दहा लाखांच्या पुढें जातात. कारखान्याकडून वाहनमालक आगाऊ रक्कम घेतो, ती मुकादमाला देतो, मुकादम टोळीला वाटतो. या सांखळींतील एक कडी निसटली कीं सर्व भार मालकाच्या गळ्याशीं येतो. टोळी आलीच नाहीं म्हणून ट्रॅक्टर दाराशीं उभा आणि हप्ता मात्र चालू, अशीं घरें पश्चिम महाराष्ट्रांत आणि बीडमध्येंही आहेत. डिझेल लिटरला नव्वदच्या आसपास आहे म्हणून ओरड होते; पण खेपेच्या तेरा लिटरांची किंमत अकरा-बाराशे रुपये, आणि उभ्या ट्रॅक्टरचा दिवसाचा हप्ता व व्याज मोजलें तर तें यापेक्षां फार लहान निघत नाहीं. म्हणून ज्याच्यापाशीं दहा कोयते खात्रीचे, नात्यागोत्याचे आहेत, आणि हंगाम संपल्यावर नांगरटीचें काम गांवांत मिळतें, त्यानेंच पन्नास अश्वशक्तीकडे पहावें. भाऊ, भावजय आणि आपण दोघें एवढेंच बळ असेल त्याला मिनी ट्रॅक्टर शोभतो. ऊंस तोडणारीं अवजड यंत्रें वर्षानुवर्षें वाढत आहेत. पुढें टोळ्या लहान होत गेल्या तर हा सल्ला अधिकच लागू पडेल.

घाटाची गोष्ट निराळी सांगावयास हवी. धारूरचा घाट अरुंद व वळणांचा. हंगामांत तेथें उंसाचीं वाहनें अडकल्याच्या व उलटल्याच्या बातम्या दरवर्षीं येतात. गणित पाहा: विसांत एक असा चढ आला तर साडेबावीस टनांना दीड टनाहून अधिक ओढ लागते. ट्रॅक्टरच्या मागल्या चाकांवर स्वतःचें वजन असतें दीड टन. कोरड्या डांबरावरही त्याच्या सत्तर टक्क्यांहून जास्त पकड मिळणें कठीण. इंजिनांत शक्ति असूनही चाकें जागच्याजागीं फिरतात, किंवा पुढचीं चाकें उचलून ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहतो. जोडणीचा खिळा उंच असला तर हा धोका वाढतो. येथें अश्वशक्ति वाढवून कांहीं साधत नाहीं. एक ट्रॉली खालीं सोडून दोन खेपांत चढविणें हाच उपाय. उतरतांना भीति उलटी. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचें वीस टनांचें ओझें पुढच्या अडीच टनांना ढकलतें आणि वळणावर आडवें करतें. चार थेंब तेल वांचविण्यासाठीं उतारावर गिअर काढून गाडी सोडणारा चालक कितीही हुशार असो, त्याच्या हातीं संसाराची ट्रॉली देऊं नये. ज्या गिअरमध्यें घाट चढावा लागला असता, त्याच गिअरमध्यें तो उतरावा.

माल वाहण्याच्या ट्रॉलींत माणसें बसविणें कायद्याला मान्य नाहीं, तरी दिवाळीनंतरच्या रात्रींत हमरस्त्यावर तीं दिसतातच. मोटारीनें जाणाऱ्या शहरांतील कुटुंबांना मागल्या ट्रॉलीचा लाल दिवा नसल्याचा राग येतो, तो योग्यच आहे. पण त्या काळोखांत वर मुलें निजलेलीं असतात, हें दिव्याअभावीं त्यांना दिसतही नाहीं. बीडहून कोल्हापूर चारशे किलोमीटरांच्या घरांत. पूर्वीं हीच वाट बैलगाडीनें, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालून, पंधरवड्यांत कापीत. आतां ट्रॅक्टर एका रात्रींत व दिवसांत नेतो, आणि डोळ्यावर झोंप घेऊन नेतो. मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाड्यांत स्त्रियांना अर्धें तिकीट आहे. पांच वर्षांखालील मुलांना तिकीट नाहीं, बारापर्यंतच्यांना अर्धें आहे. टोळींतील बायकामुलांना राज्यांतल्या राज्यांत एस.टी.नें पुढें पाठवावें, ट्रॉलींत भांडींकुंडीं, धान्य आणि शेळी तेवढी ठेवावी. दहा कोयत्यांच्या टोळीला हा खर्च कांहीं हजारांत बसतो, आणि मुकादमानें तो उचलींत न धरतां स्वतःकडे घेतला तर हंगामाच्या हिशोबांत कोठें लपून जातो तें त्यालाही सांगतां येणार नाहीं.