कोऱ्या कागदाचा उजेड



एका हातात दिवा घेतलेली आणि दुसऱ्या हाताच्या आडोशाने त्याची ज्योत जपणारी स्त्री, हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कुणाच्या घरी ते कॅलेंडरवर असते, कुणाच्या घरी लग्नात आहेर आलेल्या तसबिरीत. चित्रकार कोण म्हणून विचारावे, तर बहुतेक जण बेधडक राजा रविवर्म्याचे नाव घेतात. आता रविवर्मा निवर्तला १९०६ साली, आणि हे चित्र आहे १९४५-४६च्या सुमाराचे! ते काढले आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. चित्र घरोघर गेले आणि नाव मागे राहिले. छापणाऱ्यांनी खाली दोन शब्द घातले असते, तर काही बिघडले नसते.

दुसरी एक गोष्ट त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. हे चित्र तैलरंगातले नाही, जलरंगातले आहे. यात विशेष ते काय, असे कुणी म्हणेल. सांगतो.

तैलरंगात चूक झाली तर ती खरवडता येते, वाळल्यावर वरून दुसरा रंग चढवता येतो. उजेड हवा तिथे शेवटी पांढऱ्याचा फटकारा मारता येतो. जलरंगाचे तसे नाही. तो पारदर्शक, खालचे सगळे वर दिसते. एकदा गडद झालेली जागा पुन्हा पहिल्यासारखी उजळ होत नाही. पुसायला गेले की कागदाचे पापुद्रे निघतात. म्हणून पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. उजेड रंगवायचा नसतो, तो राखायचा असतो. पहिला ओला हात फिरवण्यापूर्वीच चित्रकाराला ठरवावे लागते, की इथे मी रंग लावणार नाही. आधी फिकट थर, तो वाळला की त्यावर दुसरा, आणि गडद छाया सगळ्यांत शेवटी.

आता ते दिव्याचे चित्र पुन्हा डोळ्यांपुढे आणा. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांतून तांबूस उजेड झिरपतो आहे, चेहरा उजळला आहे आणि मागे अंधार आहे. एवढा अंधार उभा करायचा, आणि त्याचा एक थेंबही बोटांवर ओघळू द्यायचा नाही! चित्रात उभी आहे ती त्यांची कन्या गीता. दिवाळीच्या सुमारास आईची साडी नेसून हाती दिवा घेतलेली ती वडिलांना दिसली आणि चित्र सुचले, तीन दिवसांत ते पुरे झाले, असे पुढे तिनेच सांगितले. चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात गेले.

पण ते तीन दिवस आले कुठून? हळदणकरांचा जन्म १८८२चा. सावंतवाडी संस्थानाच्या साहाय्याने १९०३ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. तिथे सेसिल बर्न्स आणि आपले धुरंधर यांच्या हाताखाली शिकले. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि मुलांना शिकवू लागले. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. दिव्याचे चित्र झाले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. म्हणजे तीन दिवस, आणि त्यांच्या आधी चाळीस वर्षे.

शिक्षक बंधुभगिनींशी आता थोडे बोलतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपायी आपण मुलांना सफाई शिकवतो, ती हवीच. पण मुलगा बिचकत बिचकत रंग लावतो, पुन्हा घासतो, कागद मळतो, आणि आपण म्हणतो, “घाण केलीस!” ती घाण नव्हे. पाणी किती घ्यावे हे पाण्यावाचून कळणार कसे? चांगला कागद महाग असतो हे खरे. मग वहीच्या पानाएवढे तुकडे करा, पण दर तुकडा मुलाला बिनधास्त वापरू द्या.

मी राहतो त्या विठ्ठलवाडीजवळ वालधुनी वाहते. तिचे पाणी आता रंगवावे असे राहिलेले नाही, पण मलंगगडाची रांग अजून जागेवर आहे. पावसाची सर येऊन गेली की ती निळसर, फिकट होते आणि अलीकडची झाडे काळपट हिरवी उठून दिसतात. जलरंगाला याहून सोपा धडा नाही. आपल्या गावीही एखादा डोंगर असेलच. मुलांना तिथे न्या. पेटीतली पांढऱ्या रंगाची वडी आधी काढून आपल्या खिशात ठेवा. पहिला अर्धा तास नुसते पाहू द्या, आणि विचारा: यातला कोणता भाग तू कोरा ठेवणार? प्रत्येकाने बोट दाखवले, की मग पाण्याचे डबे भरा.