पाच रुपयांची पुडी आणि कंपनीचा भाग

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिरामुळे ओळखले जाणारे गाव. अशा गावातल्या लहानशा दुकानातही आज तळलेल्या बटाट्याच्या पुड्यांच्या माळा लोंबताना दिसतात. शेजारी शीतपेयांच्या बाटल्या असतात. तेथे एखादा मराठी शिक्षक निवृत्त झाला आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली, तर त्याच्या मनात सहज येईल : ज्या मालाला इतक्या दूरवर गिऱ्हाईक आहे, त्या कंपनीचे भाग घेण्यात भय कसले?

विचार स्वाभाविक आहे, परंतु अपुरा आहे.

पहिला प्रश्न, नफा कोणाचा? पेप्सी-कोला व फ्रिटो-ले या दोन अमेरिकन कंपन्या १९६५ साली एकत्र येऊन पेप्सिको झाली. तिचे भाग मुंबईच्या शेअरबाजारात मिळत नाहीत. तेथे २०१६ पासून ज्यांची खरेदी-विक्री होते, ते तिची पेये बाटल्यांत भरून विकणाऱ्या वरुण बेव्हरेजेस या निराळ्या कंपनीचे भाग. बाटलीवरचे नाव आणि भागपत्रावरचे नाव एकच असेल, असे नाही.

दुसरा प्रश्न, नफा टिकेल काय? पुडीची किंमत पाच रुपयांवर बांधलेली असते. तेल वा बटाटा महागला, की कारखानदार किंमत न वाढविता पुडीतील वजन घटवितो. २०२२ साली इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात रोखली, तेव्हा तेल आयात करणाऱ्या भारतातील कारखानदारांस या परावलंबनाची जाणीव झाली. खप वाढूनही नफा आटू शकतो. म्हणून एका वर्षाचा नव्हे, तर आठ-दहा वर्षांचा ताळेबंद पाहावा, कर्ज किती तेही पाहावे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न किंमतीचा. एका भागामागे कंपनी वर्षास दहा रुपये मिळवीत असेल आणि भाग सहाशेंना मिळत असेल, तर खरेदीदार साठ वर्षांची मिळकत आगाऊ मोजतो. पुढील भरभराटीची किंमत त्याने आधीच दिलेली असते. मध्य प्रदेशातच, इंदूर येथे, प्रताप स्नॅक्स ही कंपनी आहे. २०१७ साली तिने लोकांस ९३८ रुपये दराने भाग देऊ केले. तिच्या पुड्या गावोगाव खपत होत्या. तरीही २०२० साली भागाचा भाव त्या दराच्या बराच खाली उतरला होता. माल खपला, पण भाग घेणाऱ्याचे पैसे वाढले नाहीत.

चांगली कंपनी आणि चांगली खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मझौलीच्या दुकानातील पुडी निवडताना चूक झाली, तर पाच रुपये जातात. भाग निवडताना झाली, तर उतारवयाचा आधार जातो. म्हणून सारी पुंजी एकाच ठिकाणी न गुंतविणे आणि मिळकतीशी ताडून पाहिल्यावाचून किंमत न मोजणे, हेच शहाणपण होय.