जरी, तरी आणि इंग्रजी वाक्य
(बोरीवली येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जात आहे. वरच्या इयत्तांच्या वह्यांत एक चूक वारंवार आढळते : ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम टु स्कूल.’ या वाक्याखाली तांबडी रेघ ओढण्यापूर्वी ते मुलाच्या मनात कसे घडले, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘जरी पाऊस पडत होता, तरी तो शाळेत आला’ असे आपण म्हणतो. ‘जरी–तरी’ ही आपल्या व्याकरणातील संकेतबोधक अव्ययांची जोडी होय. मूल ‘जरी’च्या जागी ‘ऑल्दो’ ठेवते आणि ‘तरी’ची जागा रिकामी राहू नये म्हणून ‘बट’ आणते. ही चूक आळसाची नव्हे, मातृभाषेच्या वळणाची आहे.

इंग्रजीत ‘ऑल्दो’ हे गौणत्वसूचक, तर ‘बट’ हे आपल्या ‘पण’सारखे प्रधानत्वसूचक अव्यय आहे. एकाच जोडणीत वाक्य गौण आणि बरोबरीचे असे दोन्ही असू शकत नाही. म्हणून दोहोंपैकी एकच घ्यावे. ‘येट’ वा ‘स्टिल’ मात्र ‘ऑल्दो’बरोबर चालते, कारण तेथे ते क्रियाविशेषण असते.

आपले ‘तरी’ घडलेल्या आणि कल्पिलेल्या, दोन्ही गोष्टींस पुरते. इंग्रजीत तसे नाही. ‘कान्हेरीची लेणी जवळ आहेत, तरी मी ती पाहिली नाहीत’ येथे ‘इव्हन दो’. ‘उद्या पाऊस आला, तरी लेणी पाहू’ येथे ‘इव्हन इफ’. ‘डिस्पाइट’नंतर नाम येते, त्यास ‘ऑफ’ जोडू नये.

वर्गात फळ्यावर दोन साधी वाक्ये लिहावीत. मुलांकडून ती प्रथम मराठीत जोडून घ्यावीत. मग इंग्रजीत एकदा ‘ऑल्दो’ने, एकदा ‘बट’ने. दोन्ही रीती शेजारी दिसल्या, की नियम पाठ करावा लागत नाही.

अखेर एक विनंती. प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण अनियमित आहे’ असे लिहिणे आणि ‘अनियमित असला, तरी हुशार आहे’ असे लिहिणे यांत माहिती एकच आहे. परंतु पालकांच्या मनात शेवटचा शब्द राहतो. तो कोणता असावा, हे आपल्या लेखणीवर अवलंबून आहे.